स्प्रिंग ब्रेकचे नऊ दिवस: झोप, अभ्यास आणि परतीचा सोमवार

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या एका मराठी घरातली मुलगी सातवीत आहे, वय बारा. फेब्रुवारीपासून ती शाळेतून आली की दप्तर दारातच टाकून सोफ्यावर आडवी होते. शाळेच्या ऑनलाइन पोर्टलवर दोन असाइनमेंटपुढे ‘मिसिंग’ दिसतंय. एप्रिलमध्ये स्प्रिंग ब्रेक, म्हणजे वसंतातली आठवडाभराची सुट्टी आहे आणि त्यानंतर राज्याची परीक्षा. आईचं म्हणणं, या आठवड्यात मागे पडलेलं सगळं भरून काढावं. बाबांचं म्हणणं, पुस्तकाला हातही लावू देऊ नये. करावं काय?

कौल बाबांच्या बाजूने, पण दोन अटींवर. राहिलेलं काम ब्रेक सुरू होण्याआधीच्या चार दिवसांत संपलं पाहिजे. आणि सकाळी उठण्याची वेळ हाताबाहेर जाता कामा नये. या दोन गोष्टी सांभाळल्या, तर शनिवार ते पुढचा रविवार अशा नऊ दिवसांत मिळून दोन तासांपेक्षा कमी अभ्यास पुरतो. आणि त्या सांभाळल्या नाहीत, तर रोज दोन तास बसवूनही सोमवारी मुलगी होती तिथेच असते, वर घरात आठवडाभर कटकट झालेली असते ती वेगळीच.

आधी ती का दमते ते पाहू, कारण बहुतेक घरांत या थकव्याला आळस म्हटलं जातं. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी होते. तिथून एप्रिलच्या ब्रेकपर्यंत सहा-सात आठवडे धड मोठी सुट्टी नसते. त्यातच मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, म्हणजे सहाचा गजर शरीराला पाचला वाजल्यासारखा वाटतो. आणि हे वयच असं की वयात येताना मेंदूतलं झोपेचं घड्याळ मागे सरकतं. रात्री झोप आणणारं मेलाटोनिन आधीपेक्षा उशिरा स्रवायला लागतं. साडेदहापर्यंत तिला झोप येत नाही यात नाटक नसतं.

हिशेब मांडून बघा. बस सात दहाला, म्हणून उठणं सहा वीसला. साडेदहाला झोपली तर सात तास पन्नास मिनिटं. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठराच्या मुलांना आठ ते दहा. नऊ तास धरले तरी रोज एक तास दहा मिनिटांची तूट, पाच दिवसांत जवळजवळ सहा तासांची. बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं होतं की मिडल आणि हायस्कूल साडेआठच्या आधी भरवू नयेत. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. जुलै २०२२ पासून तिथली मिडल स्कूल आठच्या आधी भरत नाहीत, काही ग्रामीण डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारे स्थानिक विभाग) वगळता. तुमच्या शाळेची वेळ बदलणं तुमच्या हातात नाही, पण मुलगी सोफ्यावर का पडते हे यातून कळतं.

म्हणून ब्रेकचा पहिला उपयोग झोप. पहिले दोन दिवस, शनिवार-रविवार, तिला हवं तेवढं झोपू द्या, दहा वाजले तरी. तिसऱ्या दिवसापासून मात्र पडदे उघडा. सोमवार ते बुधवार साडेआठ, गुरुवारी आठ, शुक्रवारी साडेसात, शनिवारी सात, रविवारी पावणेसात, आणि मग शाळेच्या सोमवारी सहा वीस. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं उजेडात, म्हणजे अंगणात, बाल्कनीत किंवा निदान मोठ्या खिडकीपाशी. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडाने पुढे येतं, म्हणजे रात्री झोपही लवकर येते. हुकमावर झोप आणता येत नाही, हुकमावर उठवता मात्र येतं. म्हणून दोरी सकाळच्या टोकाने ओढायची. बहुतेक घरांत उलटं होतं. आठवडाभर मुलगी रात्री एकला झोपते, सकाळी अकराला उठते, आणि शेवटच्या रविवारी तिला रात्री नऊला अंथरुणात ढकललं जातं. ती बारापर्यंत छताकडे बघत पडते, सोमवारी पाच-सहा तासांच्या झोपेवर शाळेत जाते, आणि मग आपण म्हणतो की सुट्टीने पोर बिघडलं.

फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला. हा नियम ब्रेकमध्येही पाळा, आणि स्वतःचा फोनही तिथेच ठेवा, नाहीतर दोन दिवसांत नियम मोडतो. अडचण फक्त पडद्याच्या उजेडाची नसते. मैत्रिणींचा ग्रुप चॅट रात्री साडेअकराला रंगात येतो, आणि त्यातून एकटीने उठून जाणं या वयात फार अवघड असतं. ‘आई फोन काढून घेते’ एवढं कारण सांगता आलं तर मुलीला सुटल्यासारखंही वाटतं.

आता ब्रेकच्या आधीचे चार दिवस. सगळ्यात जास्त फळ इथे मिळतं आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं. न्यू जर्सीत बहुतेक शाळांचा तिसरा मार्किंग पीरियड (ग्रेड देण्यासाठी केलेला वर्षाचा टप्पा) साधारण याच सुमाराला संपतो, म्हणून शिक्षकांचं ग्रेड बंद करण्याचं काम आणि तुमचा ब्रेक जवळजवळ एकत्र येतात. राहिलेल्या कामाची किंमत आकड्यांत बघा. चार समान वजनाच्या असाइनमेंट, गुण ९०, ८८, ९२ आणि एक मिसिंग, म्हणजे शून्य. सरासरी ६७.५. तेच राहिलेलं काम उशिरा, सुमार दर्जाचं, ७० गुणांचं दिलं तर सरासरी ८५. आठवडाभर गणिताची उजळणी करून साडेसतरा गुण वाढत नाहीत. अर्ध्या तासाचं एक राहिलेलं वर्कशीट देऊन वाढतात. म्हणून सोमवारी संध्याकाळी तिच्याबरोबर पोर्टल उघडा आणि फक्त शून्यं आणि ‘मिसिंग’ शोधा. ८४ चे ८७ कसे होतील यात पडू नका. बऱ्याचदा काम केलेलं असतं, पण गूगल क्लासरूममध्ये ‘टर्न इन’ दाबायचं राहिलेलं असतं, किंवा कागद दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेला असतो.

शिक्षकांना मेल तिनेच लिहावी, तुम्ही नाही. तीन वाक्यं पुरतात: कोणतं काम राहिलं, आता ते कुठपर्यंत झालंय, आणि कोणत्या दिवसापर्यंत दिलेलं चालेल. ‘माझी ग्रेड वाढवायला मी काय करू’ असं विचारू नये. त्याचं उत्तर द्यायला शिक्षकांना तिची अख्खी फाइल उघडावी लागते, आणि त्या आठवड्यात त्यांच्याकडे अशा शंभर मेल आलेल्या असतात. मेल मंगळवारी जावी, फार तर बुधवारी सकाळी. शुक्रवारी दुपारी पाठवलेली मेल दहा दिवसांनी वाचली जाते.

शुक्रवारी लॉकरमधून काय आणायचं ते गुरुवारी रात्री ठरवा: जिमचे कपडे (न विचारता आणा), डबा (हाही न विचारता), क्रोमबुकचा (शाळेच्या लॅपटॉपचा) चार्जर, वाचनालयाची पुस्तकं, ऑर्केस्ट्रात असेल तर व्हायोलिन. आणि एक पोस्टकार्डाएवढा जाड कागद. त्यावर तिच्या हातानं प्रत्येक विषयाची एकेक ओळ: कुठे थांबलो आणि आल्यावर पहिलं काय करायचं. ‘सायन्स: लॅब रिपोर्टचा तक्ता झाला, निष्कर्ष लिहायचा.’ एवढंच. सोमवारी मुलांना जड जातं ते काम नसतं, जड जाते सुरुवात शोधणं. हे कार्ड दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवून चेन लावायची आणि आठवडाभर विसरायचं. उघड्या राहिलेल्या कामाची टोचणी कागदावर उतरली की डोक्यातून कमी होते. विश्रांती घेऊनही विश्रांती न मिळण्याचं मोठं कारण ही टोचणीच असते.

प्रत्यक्ष ब्रेकमध्ये काय करावं? इथे खरी अडचण अशी की आई-बाबांना सुट्टी नसते. मुलगी नऊ ते पाच घरात, हातात फोन, आणि संध्याकाळी ती सकाळपेक्षा जास्त चिडचिडी. याला विश्रांती म्हणत नाहीत. दिवसाला दोनच खुंट्या ठोका: सकाळी अकराच्या आत एकदा घराबाहेर पडणं, आणि घरातलं एक खरं काम, म्हणजे ज्यावाचून कुणाचं तरी अडतं असं. भात लावणं, कपडे वाळवणं, धाकट्या भावाला खेळाच्या मैदानावर नेणं. या दोन गोष्टी झाल्या की उरलेला दिवस तिचा. यू-ट्यूब बघेना का. तासातासाचं वेळापत्रक फ्रिजवर लावू नका. शाळेत ती चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या घंटेवर जगतेच, त्यातून सुटण्यासाठीच ब्रेक आहे. मैत्रिणींबरोबर निदान दोन वेळा प्रत्यक्ष भेट ठरवून द्या, गाडीने सोडा-आणा, पण मध्ये लुडबुड करू नका. बाराव्या-तेराव्या वर्षी मन ताजं होतं ते बरोबरीच्यांत.

अभ्यासाचा भाग छोटा आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, प्रत्येकी पंचवीस मिनिटं, वेळ ती ठरवेल. गणिताची आठ उदाहरणं, चार वेगवेगळ्या प्रकरणांतून दोन-दोन. सातवीत ही प्रकरणं साधारण ठरलेली असतात: प्रमाण, ऋण संख्या आणि अपूर्णांकांच्या क्रिया, समीकरणं, शेकडेवारी, वर्तुळाचा परीघ आणि क्षेत्रफळ, संभाव्यता. वही बंद ठेवून सोडवायची, मग तपासायची, चुकलेली पुढच्या बैठकीत पुन्हा. एकाच प्रकरणाची वीस उदाहरणं ओळीने देऊ नका. तिसऱ्या उदाहरणानंतर मूल विचार न करता रीत चालवतं, आणि कोणती रीत कुठे लावायची हे कौशल्य, जे परीक्षेत लागतं, ते वाढतच नाही. नुसतं वाचण्यापेक्षा आठवून लिहिलेलं जास्त टिकतं, हे रॉडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. बैठकींमध्ये दिवसाची फट ठेवल्याने थोडं विसरायला होतं आणि आठवायला जोर लावावा लागतो. तो जोर म्हणजेच अभ्यास. वाचन तिच्या आवडीचं, कॉमिक असलं तरी चालेल, आणि पानांची नोंद नको. मराठी शाळेचा गृहपाठ असेल तर तोही याच पंचवीस मिनिटांत धरा, वर नाही.

एक गोष्ट मात्र करू नका, आणि ती आपल्या घरांत सर्रास होते: पुढचं प्रकरण आधीच शिकवून ठेवणं. मूल वर्गात ‘हे मला येतं’ म्हणून दोन आठवडे कान बंद ठेवतं. अर्धवट शिकलेलं असल्याने चाचणीत चुकतं, आणि शिक्षकांना वाटतं हिचं लक्ष नाही.

प्रेरणेबद्दल. पैसे किंवा आयपॅडचे तास लावून अभ्यास करून घेण्याचा मोह या आठवड्यात फार होतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना पैसे दिले. पैसे थांबल्यावर त्यांचा मोकळ्या वेळात कोड्यांकडे वळण्याचा कल उतरला. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांना बालवाडीतल्या चित्रं काढणाऱ्या मुलांत तेच दिसलं: आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेल्या मुलांनी नंतर स्वतःहून चित्रं कमी काढली. याचा अर्थ बक्षीस म्हणजे विष असा नाही. गॅरेज झाडण्यासाठी खुशाल पाच डॉलर द्या, गॅरेज झाडण्याची गोडी लावायची नाहीच आहे. पण वाचनासाठी पानामागे पैसे देऊ नका. डेसी आणि रायन यांच्या मांडणीप्रमाणे टिकणाऱ्या प्रेरणेला तीन गोष्टी लागतात: निवड आपली असणं, जमतंय असं दिसणं, आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. घरात याचं रूप साधं असतं. ‘अभ्यास कधी करणार?’ याऐवजी ‘जेवणाआधी की नंतर?’ ‘किती चुकली?’ याऐवजी ‘मंगळवारची चुकलेली आज सुटली का?’ आणि अमक्यांचा मुलगा स्पेलिंग बीमध्ये कुठवर गेला हे आठवडाभर काढू नका.

स्पर्धेत खरोखर उतरलेली मुलं वेगळी. मॅथकाउंट्स या गणित स्पर्धेची राज्य फेरी मार्चमध्ये आणि राष्ट्रीय फेरी मेमध्ये असते, सायन्स ऑलिम्पियाड या विज्ञान स्पर्धेच्या राज्य फेऱ्याही याच दिवसांत. अशा मुलाला सराव तोडायला सांगू नका, कारण तो त्याचा छंद आहे. फक्त सलग दोन पूर्ण दिवस कोरे ठेवा.

ब्रेकमध्ये भारतात जाऊन यायचा बेत असेल तर तारखा नीट बघा. उन्हाळी वेळेत न्यू जर्सी आणि भारत यांत साडेनऊ तासांचा फरक असतो, नेवार्क ते मुंबई थेट विमानालाही पंधरा तासांच्या आसपास लागतात, म्हणून नऊ दिवस पुरत नाहीत आणि मग शाळेचे चार-पाच दिवस बुडवले जातात. १८० दिवसांच्या वर्षात १८ गैरहजेऱ्या झाल्या की मूल सतत गैरहजर राहणाऱ्यांच्या यादीत जातं, मग कारण आजारपण असो वा प्रवास. डिसेंबरातला फ्लू आणि लग्नाचे चार दिवस धरले तर हा आकडा वाटतो तितका लांब नसतो. जाणार असाल तर परतीचं विमान ब्रेकच्या बुधवारी न्यू जर्सीत उतरेल असं बघा. पश्चिमेकडे येताना शरीराचं घड्याळ दिवसाला तास-दीड तास सरकतं. शनिवारी रात्री उतरलेलं मूल सोमवारी पहाटे तीनला टक्क जागं असतं आणि दुपारी वर्गात डुलक्या घेतं. आल्यावर दुपारी तीन ते सहा बाहेरच्या उजेडात ठेवा. डुलकी अर्ध्या तासाची, त्याहून लांब नको, आणि संध्याकाळी पाचला कितीही पेंग आली तरी साडेआठपर्यंत जागवा.

परतीचा रविवार. दुपारी चारला अर्धा तास: कार्ड बाहेर काढायचं, पोर्टल एकदा बघायचं, दप्तर, कपडे, क्रोमबुकचं चार्जिंग. पाचनंतर शाळेचा विषय बंद. सोमवारी संध्याकाळचा क्लास शक्य असेल तर त्या एका दिवसापुरता रद्द करा. शाळा, कुमॉनची शिकवणी, नृत्य आणि पोहणं सगळं एकाच दिवशी परत सुरू झालं की मुलं पहिल्याच रात्री कोसळतात. सोमवार तसा नवलाईत निघून जातो. घसरण असते ती मंगळवार-बुधवारी. तेव्हा गृहपाठाला बसवताना ‘दहाच मिनिटं, सगळ्यात सोप्यापासून’ असं म्हणा आणि दहा मिनिटांनी उठू द्यायची खरी तयारी ठेवा. बहुतेक वेळा ती उठत नाही, कारण काम हातात घेतल्यावर मन लागतं. मन लागायची वाट बघत बसलं तर ते लागत नाही. गृहपाठ किती असावा याचं अमेरिकन शाळांत रुळलेलं माप इयत्तेमागे दहा मिनिटं, म्हणजे सातवीला सत्तर. पहिल्या तीन दिवसांत सत्तर मिनिटांनंतर वही बंद, काम उरलं तरी. आणि का उरलं ते तिने शिक्षकांना सांगायचं.

राज्याच्या परीक्षेचा बाऊ करू नका. केंद्राच्या २०१५ च्या शिक्षण कायद्यानुसार तिसरी ते आठवी दरवर्षी भाषा आणि गणिताची परीक्षा राज्यांना घ्यावीच लागते, पण त्यातून मुख्यतः शाळेचं मोजमाप होतं आणि ते गुण सहसा रिपोर्ट कार्डाच्या ग्रेडमध्ये धरत नाहीत. पुढच्या वर्षी गणिताचा कोणता वर्ग मिळणार यासाठी काही डिस्ट्रिक्ट ते बघतात, तेवढं शाळेच्या काउन्सेलरला (समुपदेशकाला) विचारून घ्या. तयारी म्हणून ब्रेकनंतरच्या आठवड्यात एकदा अर्धा तास राज्याच्या संकेतस्थळावरचा सराव पेपर उघडून द्या, तोही पडद्यावर समीकरण कसं लिहायचं, उतारा आणि प्रश्न शेजारी कसे ठेवायचे हे हाताला बसावं म्हणून. गुण मोजू नका.

आता जिथे हे सगळं लागू पडत नाही ते. आठवडाभर पुरेशी झोप मिळूनही दोन आठवड्यांनी ती तशीच निस्तेज असेल, मैत्रिणींना भेटणं टाळत असेल, दर रविवारी संध्याकाळी पोट दुखत असेल, तर तो थकवा नव्हे. ग्रेड एकाच विषयात घसरली असेल तर त्या वर्गात काय चाललंय ते शोधा: बसायची जागा, फळा न दिसणं, कुणी चिडवणं, शिक्षकांशी बिनसणं. सगळ्याच विषयांत घसरली असेल तर मनाकडे आणि झोपेकडे बघा. शाळेच्या काउन्सेलरला मेल करून आठवड्यातून एकदा दहा मिनिटांची भेट मागा, आणि बालरोगतज्ज्ञांना सांगा. बाराव्या वर्षापासून वार्षिक तपासणीत नैराश्याची छोटी प्रश्नावली भरून घेण्याची शिफारस आहे, ती भरली का ते विचारा. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही तिच्या तोंडून आलं, तर तिला एकटीला न ठेवता त्याच दिवशी ९८८ या मानसिक संकटातल्या मदतीच्या क्रमांकावर फोन किंवा मेसेज करा. ‘लक्ष वेधायला बोलते’ असं म्हणून सोडू नका.

ब्रेकनंतर न्यू जर्सीत जूनच्या मध्यापर्यंत, कधी त्याही पुढे शाळा चालते. टेक्सासमध्ये मेअखेर संपते आणि ब्रेक मार्चमध्येच होऊन गेलेला असतो, म्हणून तिथल्या नातेवाइकांचं वेळापत्रक उचलू नका. तुमच्यापुढे सुमारे दहा आठवडे आहेत आणि मध्ये मेमोरियल डे, मेचा शेवटचा सोमवार, एवढीच ठळक सुट्टी. तेव्हा कॅलेंडर काढा आणि तिच्याबरोबर बसून एप्रिलअखेर एक, मेच्या मध्यात एक आणि जूनच्या सुरुवातीला एक असे तीन शनिवार आत्ताच कोरे करा. त्या दिवशी क्लास नाही, सामना नाही, कुणाची मुंज-बारसं नाही. गाण्याच्या क्लासला आधी कळवून ठेवा, म्हणजे आदल्या दिवशी फोन येऊन बेत फिसकटायला नको.